साळवे साहेबांची बिनकटकटीची बाग

दिल्लीत तुम्ही कधी आला असाल, तर माझं काम तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. सिग्नलला गाडी थांबली, तुम्ही खिशातून मोबाईल काढलात, आणि उजव्या हाताला दुभाजकावर घंटांसारखी पिवळी फुलं वाऱ्यावर हलत होती. ती तुम्ही बघितली नाहीत. ती मी लावली होती.

सरकारी बागकाम खात्यात मी अख्खी नोकरी काढली. गोल चौक, दुभाजक, मोठ्या लोकांच्या बंगल्यांची हिरवळ. नोकरीचा पाढा इथे वाचत नाही. एका बंगल्यावरच्या बाईंनी हिरवळ “थोडी कमी हिरवी” करून मागितली होती, कारण ती त्यांच्या पडद्यांशी जुळत नव्हती, एवढं सांगितलं तरी नोकरीची कल्पना यावी. मी मूळची कराडकडची. लग्नानंतर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला आणि निवृत्तीनंतर नोएडात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्याची बाल्कनी उत्तरेला. आयुष्यभर शहराला फुलं पुरवलेल्या बाईच्या बाल्कनीत मनी प्लांटसुद्धा उपकार केल्यासारखा जगतो.

निवृत्त झाल्यावर मी गुडघ्यांना विश्रांती देणार होते. पण ओळखीतल्या एकीने अंगणासाठी सल्ला विचारला, तिची बाग बरी झाली, आणि फोन सुरू झाले. गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद. सगळ्यांची मागणी एकच. “मॅडम, घरासमोर भरपूर ऊन आहे. बारा महिने हिरवं राहील, सारखं फुलेल आणि ज्याची काही कटकट नसेल, असं काहीतरी सांगा.” बारा महिने ताजं, सदा हसरं आणि कसलीच मागणी नसलेलं! माणसांत हा नमुना मला आजवर भेटला नाही. झाडांत मात्र आहे, आणि त्यावरच माझं चाललंय.

बाहेरच्यांना वाटतं, ऊन आहे म्हणजे काय, काहीही येईल. इथलं ऊन म्हणजे मे महिन्यात दुपारी लू, म्हणजे झळांचा वारा, सुटतो, फरशी तापते, भिंत तापते, आणि झाड मध्ये भाजून निघतं. तेच अंगण जानेवारीत धुक्यात बुडालेलं असतं, सूर्य कुठे गेला ते कळत नाही. दिल्लीसाठी झाड निवडायचं म्हणजे जैसलमेर आणि शिमला, दोन्हीकडे बदली चालेल असा कर्मचारी निवडायचा. असे कर्मचारी थोडे. कण्हेर त्यातली सगळ्यात भरवशाची. विषारी असते, म्हणून लहान मुलं किंवा कुत्रं असलेल्या घरात मी ती लावत नाही. पण त्याच कारणाने गाईगुरं तिला तोंड लावत नाहीत. तगर, जिला इथले लोक चांदनी म्हणतात. पिवळ्या घंटांचा टिकोमा. निळा चित्रक. बोगनवेल, जिला जितकं कमी विचाराल तितकी ती जास्त फुलते. आणि कुंती, जी फुलली की तिच्या वासाने रस्त्यावरून जाणारा माणूस थबकतो.

पण लोकांना ही नावं ऐकून आनंद होत नाही. “हे तर रस्त्यावर असतं,” म्हणतात. अहो, रस्त्यावर टिकतं, म्हणूनच तर! त्यांना हवा असतो चाफा, कारण तो गोव्याच्या हॉटेलात बघितलेला असतो. मी सांगते, इथे थंडीत त्याची पानं गळतात. मान डोलावतात, चाफाच लावतात, आणि डिसेंबरात फोन येतो, “मॅडम, अंगणात काठ्या उभ्या आहेत.”

गुरुग्रामच्या खन्नाजींनी तर कमाल केली. त्यांचा कारखाना होता, वेळ अजिबात नव्हता. मी फोनवर त्यांना हिंदीत सांगितलं, “सब सदाबहार लगाएँगे, फूलवाले, मैं आकर दिखाती हूँ.” माझ्या येण्याची वाट बघतील तर ते खन्नाजी कसले? त्यांनी तिथल्या तिथे नर्सरीला फोन लावला, “सारा सदाबहार भेज दो.” आता हिंदीत सदाबहार म्हणजे बारमाही हिरवं, आणि सदाबहार म्हणजे आपली सदाफुलीसुद्धा. मी पोचले तेव्हा रिकामा टेम्पो फाटकातून बाहेर पडत होता आणि फाटकापासून जिन्यापर्यंत गुलाबी-पांढऱ्या सदाफुलीची चादर अंथरलेली होती. मधे उभे खन्नाजी दोन्ही हात पसरून, “देखिए मॅडमजी, आपके आने से पहले काम खतम!” मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, कारण दिसत तर छान होतं. मग थंडी पडली. एका धुक्याच्या सकाळी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. “मॅडमजी, सदाबहार मर गया.” या वाक्यावर माणसाने काय बोलावं? मी म्हटलं, “आती हूँ.”

पण मला सांगायचं आहे ते साळवे साहेबांचं. इतक्या अंगणांतून फिरले, पण एकाही अंगणापायी नवरा-बायकोच्या मध्ये इतकी अडकले नव्हते.

साळवे साहेब मूळचे नगरचे, दिल्लीत एका मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ग्रेटर नोएडाला सरकारी नोकरांच्या सोसायटीत त्यांनी छोटं घर बांधलं होतं. पुढे अंगण, पश्चिमेला तोंड, दुपारभर ऊन. एकुलता एक मुलगा रोहन टोरांटोला. घरात साहेब आणि त्यांच्या पत्नी विमलताई, दोघंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब अंगणात मोजपट्टी घेऊन उभे होते आणि कपाळावर फाईल तपासताना पडते तशी आठी.

“मॅडम, रिक्वायरमेंट एकदम सिंपल आहे,” ते म्हणाले. “मला असं झाड हवं, ज्याला माझी गरज नाही.”

“अजिबात?”

“बिल्कुल नाही. महिनोन्‌महिने कुणी बघितलं नाही, तरी फुललं पाहिजे. पाण्याला ड्रिप बसवतो, बॅटरीवरचा टायमर लावतो. माणूस मधे नकोच.”

तेवढ्यात विमलताई चहा आणि चिवडा घेऊन आल्या. ठेंगण्या, हसऱ्या बाई. केसांत थोडं चंदेरी, हातात कायम काहीतरी. “ताई, अनंत लिहा हं त्यात,” त्या म्हणाल्या.

“अनंताला इथलं पाणी मानवत नाही,” मी म्हटलं. “पाणी जड आहे, पानं पिवळी पडतात. आणि हे ऊन त्याला सोसायचं नाही. रोज बघावं लागेल.”

“रोज?” त्यांचा चेहरा उजळला. “आणि अबोली?”

“अबोली थंडीत जाते.”

“आणि गुलाब?”

“छाटणी, खत, फवारणी. गुलाबाचं म्हणजे घरात जावई ठेवल्यासारखं असतं.”

“ऐकलंत का?” विमलताई साहेबांना म्हणाल्या, आणि त्या स्वरात मला न कळणारा आनंद होता.

“ऐकलं. म्हणून ते नकोत,” साहेब म्हणाले.

निघताना विमलताई मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. मागे बघून, आवाज खाली करून त्यांनी विचारलं, “ताई, सगळ्यात नाजूक झाड कुठलं हो? म्हणजे एक दिवस लक्ष दिलं नाही, तर मान टाकणारं?”

“विमलताई, मला लोक बरोबर याच्या उलटं विचारतात.”

“लोकांचं सोडा,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंना खरी हौस आहे. मी साहेबांच्या मागणीप्रमाणे आराखडा केला. कुंपणाच्या भिंतीवर बोगनवेल, तिच्या पुढे गुलाबी कण्हेरीची रांग, कोपऱ्यात टिकोमा, पायरीच्या दोन्ही अंगांना तगर, खाली निळा चित्रक, आणि विमलताईंच्या खोलीच्या खिडकीशी कुंती. पावसाळ्यात लागवड झाली. मी साहेबांना बजावलं, “बिनकटकटीचं झाडसुद्धा पहिल्या वर्षी कटकट करतं. मुळं खोल जाईपर्यंत लक्ष ठेवा.” त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. सरकारी माणूस.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. “मॅडम, मंजूर आराखड्याच्या बाहेर झाडं येत आहेत.”

“म्हणजे उगवतायत?”

“उगवत नाहीत. रिक्षाने येत आहेत.”

मी जाऊन बघितलं. पायरीवर अनंताची मोठी कुंडी. फाटकाजवळ गुलाबांची ओळ. अबोलीच्या कुंड्या, त्या आत्ताच थंडीने आकसलेल्या. शिवाय थंडीतल्या फुलांची रोपं वाफाभर, ज्यांना रोज पाणी घालावं लागतं आणि मार्च संपला की जी संपतात. आणि विमलताई बादली घेऊन कण्हेरीला पाणी घालत होत्या, ड्रिप चालू असताना.

“अहो, कण्हेरीला एवढं पाणी नको. पानं पिवळी पडली बघा.”

“पडली का?” त्या म्हणाल्या. “म्हणजे हिलाही बघावंच लागतं!”

साहेब तेव्हा दूध आणायला गेले होते. विमलताईंनी बादली खाली ठेवली, मला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. रोहन म्हणत होता, आता तुम्ही दोघं इकडेच या. साहेबांनी मधला मार्ग काढला होता: सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. “पण ताई, मला यांचे सहा महिने माहीत आहेत. दिल्लीला दोन वर्षांसाठी आलो होतो आम्ही. त्याला आता चाळीस वर्षं होतील.”

त्या एकदा जाऊन आल्या होत्या. रोहनचं घर छान, सून लाघवी, नातू तर काळजाचा तुकडा. पण सकाळी सगळे बाहेर गेले की विमलताई तळघरातल्या खोलीत. खिडकीच्या उंचीवर बर्फ. “दुपारी मी काचेला कान लावून बसायचे, कुणाच्या चालण्याचा आवाज येतो का म्हणून. यांचं बरं असतं, हे लॅपटॉप घेऊन बसतात. मी काय करू? म्हणून मी म्हणते, ही बाग अशी करून ठेवते, की मला सोडून जाताच येणार नाही.”

“हे तुम्ही साहेबांना सांगितलंत?”

“नातवाकडे जायला नको म्हणू? आजी आहे की कोण मी?”

साहेब दूध घेऊन परतले. मी निघाले, तर म्हणाले, “मी तुम्हाला ऑटोपर्यंत सोडतो.” वाटेत त्यांनी आवाज खाली केला. मला धडकी भरली, कारण त्या घरात आवाज खाली झाला की माझ्या डोक्यावर काहीतरी येऊन पडायचं.

“मॅडम, विमलला सांगू नका. ही बाग मी तिच्यासाठीच केली आहे. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिलो. तीन वेळा तिने बाग लावली, तीन वेळा क्वार्टर बदलताना सोडून आली. दर वेळी रडली. आता टोरांटोला जाऊ तेव्हा तिला मागची काळजी नको. परत आली की सगळं जसंच्या तसं फुललेलं दिसलं पाहिजे. म्हणून म्हटलं, ज्याला आपली गरज नाही असं झाड द्या.”

माझा ऑटो आला. मी बसले. मी कृषी महाविद्यालयात मातीचा सामू शिकले होते, मावा आणि मिलीबग शिकले होते. या नवरा-बायकोचं काय करायचं, ते कुठल्याच वर्षाला नव्हतं.

थंडीभर मी अधूनमधून जात राहिले, आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. साहेब बदलत होते. एकदा गेले तर ते ओल्या फडक्याने तगरीची पानं पुसत होते. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. “धूळ फार हो इथे,” जरा ओशाळून म्हणाले. “त्यांना श्वास घ्यायला त्रास होत असेल ना?” दुसऱ्यांदा गेले तर टिकोम्याच्या वाळक्या शेंगा काढत होते, आणि कुणाला तरी फोनवर सांगत होते, “नंतर बोलतो, मी जरा कामात आहे.”

मार्चमध्ये अंगण पेटल्यासारखं फुललं. कुंपणावर बोगनवेल, गुलाबी कण्हेर, पिवळा टिकोमा. सोसायटीतले लोक फिरायला जाताना थांबायचे. साहेब फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, “काही करावं लागत नाही हो! बिल्कुल झंझट नाही!” हातात खुरपी असायची.

मे महिन्यात कसोटीची वेळ आली. नगरला विमलताईंच्या भाच्याचं लग्न होतं. साहेबांनी जाहीर केलं: दोन आठवडे जायचं, बागेकडे कुणी बघायचं नाही, ड्रिप काय करेल ते करेल. बाग टिकली, तर टोरांटोची तिकिटं काढायची. विमलताईंनी ताबडतोब होकार दिला. मेची लू आणि त्यांचे गुलाब, त्यांना निकाल आधीच माहीत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मला साहेबांचा फोन आला. “मॅडम, तुम्ही जाऊन पाणी घालू नका, हं. परीक्षा प्रामाणिक झाली पाहिजे.” थोड्या वेळाने विमलताईंचा. “ताई, तुम्हाला माझी शपथ. पाणी घालू नका.” दिल्लीतल्या भर उन्हाळ्यात दोन शहाणी माणसं मला झाडांना पाणी घालू नको म्हणून विनवत होती.

ते गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नगरहून साहेबांचा फोन. “मॅडम, सहज केला. तिकडे लू आहे का?”

“मे महिना आहे, साहेब.”

“हो, हो. बिल्कुल. सहज विचारलं.”

दुसऱ्या दिवशी, “टायमरला सेल मी नवीन घातला होता ना? तुम्ही होतात का तेव्हा?” मी नव्हते. त्याच्या दुसऱ्या दिवशी, “तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर पाणी घालू नका. नुसतं रस्त्यावरून बघा. म्हणजे, जाणार असाल तर.”

मी जाणार नव्हते. पण त्यांचा आवाज ऐकून गेले.

साळव्यांचं फाटक उघडं होतं आणि अंगणात एक पांढरी, धष्टपुष्ट गाय विमलताईंचे गुलाब खात होती. घाई अजिबात नाही. एक घास तोडायचा, डोळे मिटून चावायचा, मग पुढचा. कण्हेरीला तिने वास घेऊन सोडून दिलं होतं. सोसायटीचा वॉचमन फाटकाशी काठी घेऊन उभा होता.

“हाकल ना तिला!” मी ओरडले. मग हिंदीत, “भगाओ इसको!”

“मॅडम, गऊ माता है,” तो म्हणाला. “कैसे मारूँ?”

“मारना नहीं है, निकालना है!”

“बोल के देखा. सुनती नहीं.”

शेवटी मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून कोबीचा पाला आणला आणि तो दाखवत दाखवत उलट्या पावली चालत गाईला फाटकाबाहेर काढलं. लोक थांबून बघत होते. मी पाणी घातलं नव्हतं. गाईविषयी मला कुणी शपथ घातली नव्हती. फाटकाला कडी घातली आणि मागे वळून बघितलं. अनंत कुंडीत करपून तपकिरी झाला होता. अबोली थंडीतच गेली होती, उरलेल्या काड्याही आता मोडल्या होत्या. बाकी माझी सगळी मंडळी, कण्हेर, टिकोमा, बोगनवेल, त्या भाजणाऱ्या उन्हात अशी फुलली होती, की त्या घरात कुणी राहत नाही असं वाटलंच नसतं. कुठल्या बाजूने आनंद मानावा, मला कळेना. मी घरी आले आणि दोघांनाही काही कळवलं नाही.

ते परतले त्या सकाळी मला बोलावणं आलं. परीक्षक म्हणून. मी फाटकाशी पोचले, तेव्हाच त्यांची टॅक्सी आली. साहेब बॅगा गाडीतच टाकून आत धावले. वयाच्या मानाने चांगलेच धावले. कण्हेरीपाशी गेले, तगरीपाशी गेले, टिकोम्याखाली उभे राहिले, आणि एका फांदीला हात लावून म्हणाले, “अरे वा! अरे वा!” शाळेच्या फाटकाशी मुलाला घ्यायला गेलेल्या बापासारखे.

विमलताई सावकाश आल्या. गुलाबांच्या खुंटांकडे बघितलं. “हे बघा. लक्ष नसलं की असं होतं.”

“हे गाईने खाल्लंय,” साहेब म्हणाले. फरशीवर पुरावा वाळलेला होता. “गाय हा बागकामाचा मुद्दा नाही. तो सुरक्षेचा मुद्दा आहे. मॅडम, बरोबर ना?”

“आणि अनंत?” विमलताई म्हणाल्या. “तोही गाईने जाळला?”

साहेबांनी कुंडीकडे बघितलं. मग म्हणाले, “अनंत आराखड्यात नव्हता.”

आम्ही व्हरांड्यात बसलो. विमलताईंनी प्रवासातून आल्या आल्या चहा केला. साहेबांनी कप हातात घेतला, घसा साफ केला. “तर मग, बाग टिकली. तिकिटं बघायला हरकत नाही.”

“टिकली,” विमलताई म्हणाल्या. “ती टिकली. तुम्ही कुठे टिकलात? ताई, तुम्हाला सांगते, चर्चमध्ये पाळकसाहेब नवरदेवाला विचारत होते, हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का. आणि हे बाहेर पायरीवर उभे राहून वॉचमनला फोन लावत होते, ड्रिपमधून पाणी येतंय का म्हणून.”

“त्याने उचललाच नाही,” साहेब पुटपुटले.

“दोन आठवडे तुम्ही धड जेवला नाहीत. आणि सहा महिने राहणार?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मला जायचं नाहीये. कायमचं नाही, आणि कायमचं होत जाईल असंही नाही. नातवाला भेटायला जाईन, भेटेन, परत येईन. मला इथे राहायचंय.”

साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं सगळ्या फाईलवर सह्या झाल्यावर कुणीतरी पहिलं पान दाखवावं. “मग हे आधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही मॅडमना विचारलंत, कुठलं झाड आपल्याशिवाय जगेल. मला विचारलं नाहीत, मी कशाशिवाय जगेन.”

अशा वेळी आपण उठावं, हे मला कळत होतं. पण माझ्या हातात काठोकाठ भरलेला कप होता आणि चहा जीभ भाजेल इतका गरम होता. मी बोगनवेलीकडे अगदी लक्षपूर्वक बघत राहिले.

“मला वाटलं,” साहेब हळूच म्हणाले, “बागेची काळजी नसली, की तू निवांत येशील. म्हणून तर हे सगळं केलं. तीन बागा सोडून आलीस तू. चौथी तुझी वाट बघेल अशी करावी, म्हटलं.”

विमलताईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी होकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरले, पण त्या रडल्या नाहीत, हसल्या. “अहो, मला निवांत नाही व्हायचं. तिथे मी निवांतच असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवांत! मला काळजी करायला काहीतरी द्या ना.”

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग साहेबांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा तो मंत्रालयातला आवाज काढला. “ठीक आहे. प्रस्तावात दुरुस्ती करू.”

दुरुस्ती अशी झाली. जायचं ते पावसाळ्यात, जेव्हा इथल्या अंगणाला कुणाचीच गरज नसते. पहिल्या थंडीच्या आत परत. येण्याचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढायचं. ही शेवटची अट विमलताईंची. साहेबांनी सगळं मान्य केलं आणि जाता जाता मला विचारलं, “मॅडम, आता कण्हेरीची छाटणी करू का, की उन्हाचा त्रास होईल तिला?” मी म्हटलं, साहेब, तिला काही होत नाही. तर म्हणाले, “तसं नाही. पण विचारलेलं बरं.”

त्यानंतर दोन पावसाळे ते जाऊन आले. रोहन पहिल्यांदा जरा रागावला, मग एका नाताळात बायको-मुलाला घेऊन स्वतःच दिल्लीला आला. नातू येणार म्हणून आम्ही कण्हेरीच्या रांगेपुढे जाळी बसवली होती. त्याने जाळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याला वॉचमनची काठी आवडली.

या वर्षीही ते जूनअखेर गेले. मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तर टोरांटोहून साहेबांचा फोन. तिकडे सकाळ होती. आवाजात तोच पहिल्या दिवशीचा उत्साह.

“मॅडम, एक सल्ला हवा होता. रोहनच्या घरापुढे जागा आहे. दिवसभर छान ऊन असतं, दक्षिणेला तोंड. नुसतं गवत आहे हो, बघवत नाही. म्हटलं, दोन-चार बारमाही, बिनकटकटीची…”

मागून विमलताईंचा आवाज आला. “कुणाला फोन लावलाय? ताईंना? द्या इकडे! ताई, काही सांगू नका यांना! एक झाड लावलं, की हे इथेच बसतील त्याच्यापाशी!”

“तू जरा थांब. मॅडम, ऐकताय ना? काय टिकेल इथे?”

कॅनडाच्या झाडांचं मला काही म्हणजे काहीही कळत नाही. त्यामुळे मी अगदी मनापासून, सरळ उत्तर दिलं.

“साहेब, तिथल्या थंडीत माझं एकही झाड टिकायचं नाही.”

“अच्छा,” साहेब हिरमुसून म्हणाले. पलीकडे विमलताई कुणाला तरी, बहुतेक नातवाला, विजयी आवाजात सांगत होत्या, “बघ, ताईंनी सांगितलं!” मग दार लोटल्याचा आवाज आला, आणि साहेब फोनच्या अगदी जवळ येऊन कुजबुजले,

“आणि कुंडीत लावलं तर?”